एक नंबरचा गुडघा

सासऱ्यांचा उजवा गुडघा बदलून झाल्यावर सहा आठवडे त्यांना मुलीकडे ठेवायचं ठरलं. मुलीच्या घरात रिकामी म्हणावी अशी एकच खोली होती आणि तिच्यात आधीच चौघीजणी राहत होत्या.

चौघी प्रत्येकी अकरा इंच उंच होत्या. जावई लहान असताना रविवारी सकाळी टीव्हीवर 'वादळवाडीच्या चौघी' नावाचं कार्टून लागायचं. त्यातल्या चार मुली दिवसा हवामान खात्यात कारकुनी करायच्या आणि गावावर संकट आलं की स्वतःच हवामान व्हायच्या. बिजली, गारा, धुकटी आणि झुळूक. जावयाने तेव्हा बिजलीची बाहुली मागितली होती. मुलगे बाहुल्या मागत नाहीत असं सांगून घरच्यांनी त्याला ट्रॅक्टर आणून दिला. तो ट्रॅक्टर त्याने आयुष्यात एकदाही चालवला नाही. तीस वर्षांनी कुठल्याशा कंपनीने मोठ्या माणसांसाठी त्या चौघींच्या झकपक कपड्यांतल्या बाहुल्या काढल्या, तेव्हा त्याने कुणालाही न विचारता चारही मागवल्या.

या बाहुल्यांचं वैशिष्ट्य म्हणजे सांधे. मान, खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे, सगळं हवं तसं वाकायचं आणि वाकवलं तिथेच थांबायचं. शीर्षकगीताच्या शेवटी चौघी ज्या पवित्र्यात उभ्या राहत, त्याच पवित्र्यात त्या फळीवर उभ्या होत्या. बिजली डाव्या पायावर, उजवा गुडघा पुढे उचलून काटकोनाच्याही पलीकडे दुमडलेला, उजवा हात आकाशात. गारेची मूठ मागे ताणलेली. धुकटीचे दोन्ही तळहात डोळ्यांवर. झुळूक हात पसरून मान कलती करून. गोळा करणाऱ्यांच्या जगात पवित्रा म्हणजे सोवळं. एक बोट हललं तरी बाटलं.

बायकोला हे सगळं माहीत होतं आणि तिची काही हरकत नव्हती. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. दिवसभर दोनशे मुलं सांभाळल्यावर घरात चार न बोलणाऱ्या मुली असणं तिला बरंच वाटत असे. प्रश्न सासऱ्यांचा होता.

सासरे निवृत्त वाहतूक हवालदार. तीस वर्षं एकाच चौकात उभे राहिलेले. समोरच्याने हात वर केला की का म्हणून विचारायचं नसतं, थांबायचं असतं, एवढ्या एका तत्त्वावर त्यांनी नोकरी केली, संसार केला आणि मुलीचं लग्नही लावलं. ते वॉकर टेकत खोलीत आले आणि फळीसमोर थांबले.

"हे काय?"

इथे जावयाला खरं बोलता आलं असतं. तो विमा कंपनीत दावे तपासायचा. लोकांनी खरं बोलावं म्हणून त्याला पगार मिळत होता. पण हवालदारांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला एकदम आपण विनापरवाना गाडी चालवतोय असं वाटलं.

"हे होय? हे हिचं आहे," तो म्हणाला. "कामाचं."

सासऱ्यांनी मान हलवली. मग वाकून नीट पाहिलं. "सांधे आहेत का यांना?"

"बावीस," जावई म्हणाला, आणि आवाजातला अभिमान त्याने खोकून लपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शाळेला निघताना बायको दारातूनच म्हणाली, "बाबा, व्यायाम खोलीत लावून ठेवलाय. चार आहेत. दाखवलंय तसंच करायचं, आणि किती जमलं त्याची रोज नोंद ठेवायची. डॉक्टरबाई बघणार आहेत."

तिने व्यायामाचा कागद खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. दार लावलं की पलंगावरून समोर दिसेल असा हिशेब होता. पण वॉकरला वाट हवी म्हणून ते दार त्या दिवसापासून भिंतीला टेकवून उघडं ठेवलं गेलं ते सहा आठवडे कुणी लावलंच नाही. कागद दार आणि भिंत यांच्यामध्ये सुखाने राहिला.

सासऱ्यांनी पलंगावर बसून समोर पाहिलं. समोर चौघी. मुलगी खेळाची शिक्षिका, वस्तू तिच्या कामाची, सांधे बावीस, संख्या चार. शंकेला जागाच नव्हती. पूर्वी दवाखान्यातून एक फाटका कागद मिळायचा, आता मॉडेलं देतात, हे पाहून त्यांना काळ पुढे गेल्याचं समाधान वाटलं. त्यांनी चौघींना डावीकडून एक ते चार नंबर दिले, पलंगाची कड धरली, आणि एक नंबरकडे बघत उजवा गुडघा उचलला.

गुडघा थोडा वाकला आणि नाही म्हणाला. सासरे प्रामाणिक माणूस. संध्याकाळपर्यंत जेवढं जमलं तेवढं जमलं, मग फळीजवळ जाऊन त्यांनी एक नंबरचा गुडघाही आपल्या गुडघ्याइतकाच वाकलेला ठेवला. ही त्यांची नोंद. मुलीने सकाळी बघावी आणि काय ते समजावं.

मुलीने बघितली नाही. जावयाने बघितली. सासरे अंघोळीला गेले की दहा मिनिटं खोली मोकळी मिळायची, तेवढ्यात तो चौघींना भेटून यायचा. बिजलीचा पाय खाली आलेला दिसला. सांधा ढिला पडला होता. तीस वर्षं वाट पाहून आलेली बिजली, आणि गुडघ्यात अधू. त्याने जुन्या कंपासपेटीतला कोनमापक आणून गुडघ्याला लावला. चाळीस अंश. मग तो गुडघा पुन्हा जागच्या जागी, एकशे दहावर नेला आणि ऑफिसला गेला.

सासरे अंघोळ करून आले. एक नंबर पुन्हा जशीच्या तशी. म्हणजे नोंद नामंजूर. कारण न लिहिता अहवाल परत पाठवणारे साहेब त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते, त्यामुळे त्यांना वाईट वाटलं नाही. उलट मुलगी शिस्तीची निघाली याचं कौतुकच वाटलं. त्यांनी पलंगाची कड धरली.

बाहुलीच्या खोक्यात एक पत्रक होतं. सांधा आपोआप ढिला पडत असल्यास तीस दिवसांची रोजची नोंद पाठवावी, बाहुली बदलून मिळेल. जावयाने एक निळी वही केली. पहिला दिवस, चाळीस. दुसरा दिवस, बेचाळीस. तिसरा, बेचाळीस. चौथा, पंचेचाळीस. दहाव्या दिवशी साठ झाले तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं.

ढिला सांधा दिवसेंदिवस जास्त ढिला होतो. हा घट्ट होत चालला होता. जावयाने नोकरीत आपोआप पडलेली कपाटं पाहिली होती, आपोआप पेटलेल्या गाद्या पाहिल्या होत्या. एका गृहस्थांचा फ्रीज तर आपोआप जिना चढून गेला होता. ते सगळे दावे त्याने हसत हसत फेटाळले होते. आता त्याच्या स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात, एका बाहुलीचा गुडघा बरा होत होता.

त्याने बायकोला सहज विचारलं की खोली झाडताना ती फळीवरून फडकं फिरवते का.

"तुझ्या बायकांना मी हात लावत नाही," बायको म्हणाली. "एकदा लावला होता, तर तू तीन दिवस जेवला नव्हतास."

मग उरले सासरे. पण त्यांना विचारायचं म्हणजे बाहुल्यांचा विषय काढायचा, आणि विषय काढला की त्या कुणाच्या हेही निघायचं. तरी एका संध्याकाळी तो चहाचा कप घेऊन खोलीत गेला आणि लांबून वळसा घेत, दिवसभरात इथे कुणी येतं का, असं त्याने विचारलं.

"कोण येणार? मी आणि या चौघी."

"नाही, म्हणजे तुम्ही काही हलवता वगैरे का?"

"हलवतो की," सासरे म्हणाले. "दिवसातून चाळीस वेळा. घाम निघतो."

जावयाने त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं, छान छान म्हटलं आणि जास्तच गोंधळून बाहेर आला.

तिसऱ्या आठवड्यात बायको एकदा लवकर घरी आली. पाहते तर वडील खोलीच्या मधोमध, कंबर पलंगाला टेकून, दोन्ही तळहात डोळ्यांवर धरून उभे. तिला वाटलं रडताहेत. पण ते मोठ्याने आकडे मोजत होते.

"बाबा, काय करताय?"

"तीन नंबर."

"कोण तीन नंबर?"

"तूच लावलंयस आणि मलाच विचारतेस?" तळहात न काढता सासरे म्हणाले. "याने गुडघ्याला काय होतं ते मात्र मला अजून कळलं नाही. पण मी विचारणार नाही."

बायकोच्या मनात पाल चुकचुकली. भूल दिल्यावर म्हाताऱ्या माणसांना काही दिवस भास होतात असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि भावाला फोन लावला.

भाऊ दुसऱ्या गावी राहायचा आणि निर्णय घ्यायला फार उत्सुक असायचा. सासऱ्यांचं दोन खोल्यांचं घर त्यांच्या त्या जुन्या चौकावरच होतं. अजूनही ते रोज संध्याकाळी गॅलरीत बसत आणि सिग्नल तोडणाऱ्यांना वरून नावं ठेवत. सहा आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी 'एकटे राहू शकतात' असं लिहून दिलं तरच ते परत जाणार होते. नाहीतर घर भाड्याने द्यायचं. भावाकडे भाडेकरू तयारच होता. आता तो म्हणाला, गुडघ्याचं सोड, डोकंच ठिकाणावर नसेल तर एकटे कसे राहणार?

बायकोने फोन ठेवला तेव्हा सासरे दारात वॉकर धरून उभे होते. त्यांनी किती ऐकलं ते कळलं नाही. ते एवढंच म्हणाले, "गॅलरीतल्या खुर्चीवर धूळ बसली असेल." आणि परत खोलीत गेले. त्या दिवसापासून ते चाळीसऐवजी साठ वेळा गुडघा उचलू लागले.

रात्रीच्या जेवणानंतर बायकोने जावयाला सांगितलं, बाबा कायमचे इथेच राहतील असं दिसतंय, तेव्हा त्या खोलीत त्यांचं कपाट येईल आणि चौघी माळ्यावर जातील. जावई हो म्हणाला. माळ्यावर उन्हाळ्यात प्लॅस्टिक मऊ पडतं हे तो बोलला नाही. वडिलांचं घर सुटत असताना प्लॅस्टिकची गोष्ट काढणारा माणूस त्याला स्वतःलाच आवडला नसता.

पस्तिसाव्या दिवशी बिजलीचा गुडघा एकशे पाचवर होता. एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी त्याने कोनमापक लावला आणि काढला आणि पुन्हा लावला. एकशे दहा. गुडघा पडलाच नव्हता. त्याला जागेवर न्यायला काही उरलंच नव्हतं. जावयाने वहीत आकडा लिहिला आणि दाव्याच्या पत्रात पुढचं वाक्य जोडलं: 'सांधा आपोआप ढिला होऊन आपोआप दुरुस्त झाला आहे, तरी बदलून मिळावा.' वाक्य दोनदा वाचलं. असं लिहिणाऱ्या माणसाला त्याने स्वतः दारातूनच परत पाठवलं असतं. तरी त्याने बिजलीला खोक्यात ठेवलं, वही आणि पत्र बॅगेत टाकलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांची तपासणी होती, तिथूनच तो ते पाठवणार होता.

फळीवर एक नंबरची जागा रिकामी दिसली तेव्हा सासऱ्यांनी छाती फुगवली. अहवाल मंजूर होऊन वर गेला होता.

तपासणीच्या दिवशी निघताना बायकोने व्यायामाचा कागद काढायला म्हणून प्रथमच दार लावलं. कागद नवाकोरा होता. खाली रोजच्या नोंदीचे बेचाळीस चौकोन, बेचाळीसच्या बेचाळीस रिकामे. तो घडी करून पर्समध्ये ठेवून ती गाडीत बसली. रस्ताभर तिने नाक ओढलं ते सर्दी म्हणून खपलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, गंभीर होत्या, आणि त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचा एक सुटा गुडघा होता. त्यांनी सासऱ्यांना चालवलं, बसवलं, उठवलं. चालणं बरं होतं. मग त्यांनी नोंद मागितली. रोज किती वाकत होता ते कळल्याशिवाय, आज एका दिवसावरून 'एकटे राहू शकतात' असं लिहून देता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

"नोंद मी रोज दिलेली आहे," सासरे म्हणाले.

"कुठे दिलीत, आजोबा?"

"एक नंबरच्या गुडघ्यावर. रोज संध्याकाळी देत होतो. रोज सकाळी नामंजूर होऊन यायची. काल मंजूर झाली."

डॉक्टरबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने जमिनीकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी पेनचं टोपण काढलं, आणि त्या जे लिहिणार होत्या त्यात गॅलरीतली खुर्ची नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. सासऱ्यांनाही दिसत होतं. त्यांनी पॅन्टची इस्त्री गुडघ्यावर दोनदा सरळ केली.

सगळं समजलेला माणूस खोलीत एकच होता. जावयाच्या डोक्यात एकेचाळीस सकाळी एकदम एकामागे एक उभ्या राहिल्या. चाळीस, बेचाळीस, बेचाळीस, पंचेचाळीस. त्याने बॅग उघडली. आधी निळी वही टेबलावर ठेवली. मग, नाइलाज म्हणून, खोक्यातून बिजली काढून त्या सुट्या गुडघ्याशेजारी उभी केली.

"ही यांचीच नोंद आहे," तो म्हणाला. "कोनमापकाने मोजलेली. आणि त्या चौघी हिच्या नाहीत. माझ्या आहेत. मी खोटं बोललो होतो."

सासऱ्यांनी आधी बिजलीकडे पाहिलं, मग जावयाकडे. "तुमच्या? मग रोज सकाळी मला परत कोण पाठवत होतं?"

"मीच."

"तुम्ही." सासऱ्यांनी बसल्या बसल्या पाठ ताठ केली. "साहेब म्हणून कडक आहात हो, जावईबापू. मला वाटलं नव्हतं."

बायकोच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा की रडण्याचा हे तिचं तिलाही ठरवता आलं नाही. डॉक्टरबाई मात्र वहीत बोट फिरवत होत्या. चाळीसपासून एकशे दहापर्यंत, एकही दिवस न चुकता. इतकी बिनचूक नोंद त्यांना एकाही पेशंटने आणून दिली नव्हती. त्या म्हणाल्या, करून दाखवा बघू.

सासऱ्यांनी टेबलाची कड धरली आणि एक नंबर करून दाखवला. मग दोन, मूठ मागे ताणून. मग तीन, डोळे झाकून. चार नंबरला ते हात पसरून मान कलती करून उभे राहिले, आणि कसं कोण जाणे, डॉक्टरबाईंचेही हात पसरले आणि मान कलती झाली. त्यांनी ते लगेच खाली घेतले आणि कागदावर लिहायला सुरुवात केली.

लिहून झाल्यावर त्यांनी जावयाला बाजूला बोलावलं. त्याला वाटलं, बेचाळीस दिवस पेशंटला वादळवाडीच्या पवित्र्यात उभं केल्याबद्दल आता बोलणी खावी लागणार.

"धुकटी तुम्हाला कुठे मिळाली?" त्यांनी हळूच विचारलं. "मी चार महिने शोधतेय."

कागदावर लिहिलं होतं: एकटे राहू शकतात. प्रगती उत्तम. आणखी सहा महिने हाच व्यायाम, याच मॉडेलांसमोर.

शेवटची ओळ जावयाने घरी येऊन वाचली. पवित्रा बदलायला नको म्हणून त्याने चौघींना उभ्या उभ्याच कापसात गुंडाळून, निळी वही आणि कोनमापकासकट खोक्यात भरलं आणि शनिवारी सासऱ्यांबरोबर त्यांच्या घरी पोचवलं. त्याची खोली त्याला परत मिळाली. तीत आता एक पलंग होता, एक रिकामी फळी होती आणि दाराला चिकटपट्टीच्या चार खुणा होत्या.

रविवारी सकाळी तो सासऱ्यांकडे गेला. सासरे कसे आहेत ते बघायला, असं त्याने बायकोला सांगितलं. ती फसली नाही. चौघी गॅलरीच्या खिडकीत ओळीने उभ्या होत्या, खाली चौक, गाड्या, सिग्नल. बिजलीचा गुडघा जरासा उतरला होता. जावयाचा हात आपोआप पुढे गेला.

"हात लावायचा नाही," खुर्चीतून आवाज आला. "आधी करून दाखवायचं. तुम्ही दिवसभर खुर्चीत बसणारी माणसं. धरा ती कड."

जावयाने खिडकीची कड धरली, बिजलीकडे पाहिलं आणि उजवा गुडघा उचलला. खाली सिग्नलला थांबलेल्या दोन-तीन माणसांनी वर पाहिलं. सासरे उठले, चालत आले, खिशातून कोनमापक काढून त्याच्या पायाला लावला. मग जावयाचीच निळी वही उघडून नवं पान काढलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'जावई. पहिला दिवस. चाळीस.'

मग त्यांनी बिजलीचा गुडघा एकशे दहावर नेऊन ठेवला आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

"नामंजूर," ते म्हणाले. "पुन्हा."